वृंदावनातला सब्जा

नागपुरात कार्तिक आधी नाकाला कळतो. सकाळी फाटक उघडावे तर हवेला बारीकशी धार आलेली असते. दवात भिजलेल्या धुळीचा वास, कुठेतरी पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर, आणि नंदनवनच्या वळणावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या उसाच्या मोळ्यांचा कच्चा, हिरवा गोडवा. मोळ्यांच्या पायाशी गोणपाटावर आवळे, चिंचा, बोरे मांडलेली असतात. तुळशीच्या लग्नाचा बाजार. तो दिसला की माझा हात आपोआप दारातल्या सब्ज्याकडे जातो. मी एक पान खुडते, चुरगाळते आणि उभी राहते.

आधी लवंग येते. तिच्या मागून बडीशेप, चोरपावलांनी. मग कापलेल्या गवतासारखे काहीतरी ओले. आणि बोटे पदराला पुसल्यावरही मागे राहणारी एक गोड, हळवी झाक, जिला मला अजून नाव सापडलेले नाही. कवितेच्या नादाने मी आयुष्यभर शब्द वेचत आले, पण या शेवटच्या झाकेपाशी माझी ओंजळ दरवर्षी रितीच राहते. तिला मी मनातल्या मनात ‘शकुताई’ म्हणते.

शकुताई माझ्या मोठ्या जाऊबाई. एका घरात, एका चुलीवर आम्ही दोघींनी उमेदीची सगळी वर्षे काढली. त्यांचे माहेर उमरेडचे, विणकरांचे. घरात हातमाग होता, आणि मागावर तुटलेला धागा अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून, क्षणात सांधून टाकायची कला त्यांच्या बोटांत लहानपणीच उतरली होती. ती चिमूट त्यांनी सासरीही सोडली नाही. मीठ टाकायचे तर ती चिमूट, माझ्या लेकाचा गालगुच्चा घ्यायचा तर ती चिमूट, आणि झाडाचा शेंडा खुडायचा तरी तीच. त्यांना दोन मुलगे होते. दोघेही नोकऱ्यांसाठी दूर गेलेले. लेक नव्हती. त्याची खंत त्यांनी कधी उगाळली नाही. फक्त कुणाच्या लग्नात कन्यादानाची वेळ आली की त्या मांडवातून उठून पाणी प्यायला जात.

आमच्या दारात सिमेंटचे एक वृंदावन आहे. फाटक आणि पायरी यांच्यामध्ये, कूलरच्या लोखंडी स्टँडला जवळजवळ खेटून. नागपूरच्या उन्हाळ्यात तुळस जगवणे हे व्रतच. मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, नवतपा, सुरू झाला की गोणपाटाची सावली करा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, तरी एखाद्या दुपारी ती कागदासारखी वाळून जाते. त्या वर्षीही गेली. आषाढात शकुताई माहेरी गेल्या होत्या, तिथल्या परसातून ओल्या चिंधीत गुंडाळून त्यांनी एक रोप आणले. बोटभर उंचीचे, चार पानांचे. अंगणात बसून त्यांनी ते वृंदावनात लावले, मातीवर तळवा दाबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “औंदा कार्तिकात हिचं लगन मी लावीन वं. कन्यादान मी करीन. लेक नाही त्याईनं तुळशीचं कन्यादान केलं तं तेच पुन्य लागते म्हनतात.”

मी म्हटले, “ताई, लग्न तर आपण दरवर्षी लावतोच.”

“दरवर्षी आई लावते. औंदा मी.”

आई म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही दोघीही त्यांना आईच म्हणत आलो. शकुताईंच्या त्या ‘औंदा’ शब्दात काय दडले होते, ते मला श्रावणात कळले. पोटात गाठ होती. त्यांना ती ठाऊक होती, आम्हाला नव्हती.

मग धंतोली. विदर्भातली सगळी दुखणी जिथे येऊन उतरतात तो परिसर. औषधांच्या दुकानांपुढे चपलांचे ढीग, झाडाखाली डबा सोडून बसलेली यवतमाळ-वर्ध्याकडची माणसे, आणि रुग्णालयाच्या जिन्यात फिनाइलचा तो वास, जो इतर सगळे वास पुसून टाकतो. शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, मुक्काम लांबला. शकुताई पांढऱ्या चादरीवर आणखीच सावळ्या दिसत. मी डबा घेऊन गेले की पहिला प्रश्न ठरलेला:

“पोट्टी कशी हाय माही?”

“छान वाढतेय, ताई.”

वाढत होती हे खरे होते. फार वाढत होती. भाद्रपद लागता लागता तिने वृंदावनाचा काठ ओलांडला. पाने लांबट, तकतकीत, होडीसारखी मधे किंचित खोलगट. खोडावर तुळशीची ती बारीक लव नाही, पानांना तो जांभळट काळोख नाही. एके सकाळी आई फुले तोडता तोडता वृंदावनापाशी थांबल्या. एक पान त्यांनी नाकाशी नेले आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

“हे तुयस नोहे वं.”

“मलाही तसंच वाटत होतं.”

“सब्जा होय हा! दोन महिन्यांपासून मी सब्ज्याले दिवा लावून राहिली? प्रदक्षिना घालून राहिली?” त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग, पदर तोंडाला लावून, अंग हलवत हसल्या. हसणे थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. “अन् शकूले काय सांगाचं?”

कोवळ्या वयात तुळस आणि सब्जा बहिणींसारख्या दिसतात. आहेतही त्या एकाच गोतातल्या. चार पानांवर ओळखू येत नाही. पण दोघींची घरातली जागा मात्र किती वेगळी! तुळस वृंदावनात, सब्जा मागे, नळाच्या सांडपाण्यावर. तुळशीला दिवा, सब्ज्याचे बी उन्हाळ्यातल्या सरबताला, पाने गजऱ्यात मोगऱ्याला हिरवी जोड म्हणून. दर्ग्याबाहेरच्या फूलवाल्यांकडे गुलाबाबरोबर सब्ज्याच्या जुड्या असतात; तिथे तो कबरीवर वाहिला जातो. म्हणजे मानाचा आहेच, पण आमच्या देवघरातला नाही. कन्यादान करायचे ते तुळशीचे. सब्ज्याचे लग्न लावल्याचे आईंच्या नव्वदीला टेकलेल्या नणंदेनेही कधी ऐकले नव्हते.

आम्ही दोघींनी मसलत केली. रोपवाटिकेतून मी काळ्या पिशवीतली एक बेताची तुळस आणली आणि कूलरच्या मागे लपवून ठेवली. शकुताई घरी यायच्या आदल्या दिवशी बदलायची, असे ठरले. पण आईंचा हात पुढे होईना. सब्ज्याच्या बुंध्याशी खुरपे नेऊन त्या दोनदा परत फिरल्या. “ज्याले दिवा लावला त्याले उपटू कसं?” असे पुटपुटल्या आणि खुरपे धुऊन ठेवून दिले.

शकुताई नवरात्राच्या तोंडावर आल्या. रिक्षातून उतरल्या, मोठ्या भाऊजींच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या खांद्याचा आधार घेतला, आणि घरात न जाता वृंदावनापाशीच थांबल्या. चिमूट पुढे झाली. पान खुडले, चुरगाळले, हुंगले. आम्ही दोघी पायरीवर चोरासारख्या उभ्या.

“अव माय,” त्या म्हणाल्या. “सब्जा होय नं वं हा?”

तेवढ्यात त्यांची नजर कूलरच्या मागे गेली. काळी पिशवी, पिशवीतली ती आज्ञाधारक तुळस.

“अन् हे काहून आनली?”

आई म्हणाल्या, “शकू, तुलेच वाईट वाटीन म्हनून. बदलाचं ठरवलं होतं.”

“बदलाचं?” शकुताईंच्या सुकलेल्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ते जुने, खट्याळ हसू उमटले. “घरी वाढवलेली पोट्टी लगनाच्या टाइमले बदलते का जी कोनी? बह्याड झाल्या का तुमी सासू-सुना? मी हिले तुयस समजून आनली, ते माही चूक. तिचा काय गुन्हा? ते पिशवीतली करवली होईन. लगन हिचंच.”

करवली! कूलरमागची तुळस त्या दिवसापासून आमच्या घरात ‘करवली’ झाली.

आता मागे वळून पाहताना वाटते, त्या शरदाचा सगळा रस त्या एकाच झाडात एकवटला होता. औषधाच्या सलाइनसाठी शकुताई धंतोलीला जात, परत येत, आणि परत आल्या की त्यांच्या तोंडात लोखंड असे. त्या तसेच म्हणायच्या: “किल्ली चघळून राहिली असं वाटते.” भात लोखंडाचा, दूध लोखंडाचे, त्यांच्या आवडीची ज्वारीची आंबीलसुद्धा लोखंडाची. डॉक्टरांनी बजावले होते की वजन टिकले तरच पुढचे औषध देता येईल. आणि घास तर उतरत नव्हता.

एकदा अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी सहज सब्ज्याचे पान तोंडात टाकले. चघळले. मग हळूच म्हणाल्या, “आन बरं थोडसा भात.” मी धावत गेले. त्या दिवशी त्यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला. नंतर तो नेमच झाला: आधी दोन पाने, मग घास. लवंगेची ती ऊब जिभेवरचे लोखंड जरा वेळ झाकून टाकी, आणि तेवढ्या वेळात आम्ही जेवण उरकून घेत असू.

मला त्यांनी त्याच दिवसांत खुडणे शिकवले. “वरची दोन पानं अन् शेंडा, इथून, पेराच्या वर. मंग खालून दोन फांद्या फुटतात. जेवढं तोडशीन तेवढं भरते हे.” मंजिरी दिसली की लगेच काढायची, नाही तर पाने बारीक आणि कडू होतात. पण इथेच पेच होता. नवरीला मंजिऱ्या हव्यात. लग्नाच्या दिवशी पोरगी बोडकी कशी उभी करायची? शेवटी त्यांनी झाडाची वाटणी केली: रस्त्याकडच्या फांद्या मंजिऱ्यांसाठी राखल्या, घराकडच्या पानांसाठी. एका बाजूने पांढऱ्या फुलांचे तुरे, मधमाशांची गुणगुण; दुसऱ्या बाजूने कोवळी पोपटी पालवी. “अर्धी माही, अर्धी जवायाची,” त्या म्हणत.

माणसाला ज्याची ओढ लागते ते नेमके काय असते? मला वाटायचे, चेहरा असेल, आवाज असेल. आता चेहरा फोटोत आहे, आवाज मोबाइलच्या एका जुन्या ध्वनिफितीत आहे, आणि तरीही ऐन संध्याकाळी पोटात जी पोकळी पडते ती ना त्या फोटोने भरते, ना त्या आवाजाने. मला हवी असते ती खुर्ची अंगणात सरकवल्याचा खरखर आवाज, डोक्याला बांधलेल्या त्यांच्या सुती रुमालाची गाठ, आणि सब्ज्याचे पान दातांखाली तुटताना त्यांच्या कपाळावरची सैल होत जाणारी आठी. इतके लहानसे काही. पण जगात कुठेही न मिळणारे.

लग्न लागले. उसाचा मांडव झाला, आवळे-चिंचा बुंध्याशी ठेवल्या, हिरव्या बांगड्या फांदीत अडकवल्या. मुंडावळ्या बांधताना मंजिऱ्यांचा भार इतका, की आई म्हणाल्या, “हिले दागिन्याची गरजच नाही.” करवली पिशवीतून नव्या कुंडीत आली होती. गल्लीतल्या बायका जमल्या, आणि शेजारच्या काकूंना राहवले नाही.

“शकू, हे तं सब्जा दिसते वं.”

“होय, काकू.”

“सब्ज्याचं लगन कुठी लागते?”

“आमच्या घरी,” शकुताई म्हणाल्या. “तुमी अक्षता घ्या नं. पोरीच्या लगनात जातगोत पुसाले आल्या का जेवाले?”

बायका खळखळून हसल्या, काकूही हसल्या, आणि रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठीमुठीत वाटल्या गेल्या. अंतरपाटाच्या एका बाजूला पितळेचा बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूला सब्जा. मंगलाष्टके झाली. मोठ्या भाऊजींनी हात पुढे केले, त्यांच्या हातांवर शकुताईंनी आपले हात ठेवले, आईंनी वरून पाण्याची धार सोडली. ती धार बोटांमधून मातीत उतरत असताना मी शकुताईंकडे पाहिले. या वेळी त्या पाणी प्यायला उठून जाऊ शकत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत. पाणी पूर्ण झिरपेपर्यंत बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी दोन पाने खुडून ताटाच्या कडेला ठेवली. शकुताईंनी ताट सरकवले.

“आता नाही.”

“काय नाही?”

“लगन झालं नं तिचं. लेकीच्या घरचं खाते का कोनी? कन्यादान केलेल्यानं पानीबी पेऊ नाही.”

मला आधी थट्टा वाटली. थट्टा नव्हती. ज्या कन्यादानासाठी त्या इतके दिवस तग धरून राहिल्या होत्या, ते त्यांनी पुरतेपणी केले होते, आणि त्याचा नियमही पुरतेपणी पाळणार होत्या. मी विनवले, भाऊजी रागावले, आईंनी समजावले. एकच उत्तर: “मंग कन्यादान लटकं होईन.” मी दर्ग्याबाहेरच्या फूलवाल्याकडून सब्ज्याची जुडी आणली, दिवसभर पाणी मारून मारून तिचा वास नासला होता, ती तोंडाजवळ नेताच त्यांना उलटी झाली. करवलीची पाने पुढे केली. ती फार तिखट लागली, तोंडातल्या जखमा चरचरल्या. लोखंड परत आले. वाटीभर भात पुन्हा दोन घासांवर आला. पुढच्या औषधाची तारीख जवळ येत होती, आणि काट्यावर उभ्या राहताना शकुताई आम्हाला आकडा दिसू नये म्हणून साडीचा घोळ पुढे सोडत.

झाड मात्र ओथंबले होते. घराकडच्या फांद्यांनाही आता मंजिऱ्या आल्या होत्या, त्यांना खुडणारी चिमूट नव्हती. पांढरी फुले झडली, तुरे तपकिरी झाले, वाऱ्याने हलले की आत बी खुळखुळे. मी रोज त्या अंगणातून जात होते आणि इतक्या सुगंधाशेजारी एक माणूस उपाशी बसलेले बघत होते.

आज आई फार थकल्या आहेत. कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसतात, कमी ऐकतात. परवा मी त्यांना विचारले, “तुम्हाला ते कसं सुचलं होतं हो, आई?” त्यांनी कानाशी हात नेला. मी पुन्हा विचारले. “सुचाचं काय त्यात?” त्या म्हणाल्या. “रीत पाळनारीले रीतच समजते. तिले दुसरं काय सांगतलं असतं?”

तेव्हा, त्या दिवसांत, एका सकाळी मी त्यांना वृंदावनापाशी पाहिले होते. वाळल्या मंजिऱ्या दोन्ही तळव्यांत घेऊन त्या चोळत होत्या, आणि काळे, बारीक बी बुंध्याभोवतीच्या मातीत पडत होते. फुंकर मारून त्यांनी कोंडा उडवला. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “काय पाह्यते? जाय, चहा मांड.” नंतर रोज त्या जागेवर ओले फडके पसरलेले दिसे. दुपारी ऊन असे, माती उबदार असे.

मग एक दिवस जेवणाच्या वेळी आईंनी शकुताईंना हाताला धरून अंगणात नेले. मी मागे ताट घेऊन. आईंनी फडके उचलले. मातीत हिरवे ठिपके उगवले होते. दोन-दोन गोल पाने, राईच्या दाण्याहून जराशी मोठी, बियांची काळी टोपी कुणाच्या डोक्यावर अजून तशीच.

“पाह्य,” आई म्हणाल्या. “बायंतीन झाली तुही पोट्टी.”

शकुताई वाकल्या. त्यांना वाकणे जड जात होते, तरी वाकल्या. बोटाच्या टोकाने एका रोपाला त्यांनी हात लावला, लावला न लावला असा.

“नाती झाल्या तुले. एक नाही, आंगनभर. अन् नातवंड झाल्यावर लेकीच्या घरचं पानी चालते, हे तुह्या उमरेडले मानतात का नाही?”

“मानतात,” शकुताई म्हणाल्या.

“मंग?”

शकुताई सरळ झाल्या. आईंकडे पाहिले, आईंच्या नखांतल्या मातीकडे पाहिले, आणि सगळे ओळखले. चिमूट पुढे झाली. पेराच्या वर, बरोबर त्या जागी. त्यांनी पान तोंडात टाकले, डोळे मिटून चघळले, आणि माझ्या हातातल्या ताटाकडे बोट केले. मी पहिला घास कालवून दिला. दुसरा त्यांनी स्वतः घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी भाजी मागितली.

वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसले आणि घराच्या आत, देवघराच्या दिशेने मान वळवून मला म्हणाल्या, “जाय वं, जवायाले सांगून ये. म्हनावं, सासू जेवून राहिली.”